गणपतीला गावी निघण्याआधी गाडीच्या पोटाखाली पाहा

मांजलपुरातल्या मराठी मंडळींनो, गणपती तोंडावर आलेत. तुळशीधाम चार रस्त्यापासून अलवा नाक्यापर्यंत ज्या सोसायटीत डोकवाल तिथे गावी जायचे बेत शिजताहेत. कोणी पुण्याला, कोणी साताऱ्याला, कोणी थेट सावंतवाडीला. पुणं इथून साडेपाचशे किलोमीटर, कोल्हापूर त्याच्याही पुढे सव्वादोनशे. गाडीत पाच माणसं, डिकीत सीएनजीचं सिलिंडर, उरलेल्या जागेत कोंबलेल्या बॅगा आणि मागच्या काचेपाशी मखराचं सामान. आणि ही गाडी आपण सगळा पावसाळा बडोद्याच्या रस्त्यांवर पिटाळलेली. पाण्याखाली न दिसणारे खड्डे, रात्रीत रस्ता खचून पडलेले भुवे, रंग उडालेले बंप, काही म्हणता काही चुकवलेलं नाही.

निघण्याआधी आपण टायरात हवा भरतो, इंजिन ऑइल बघतो, पीयूसी आहे ना याची खात्री करतो. गाडीच्या खाली मात्र कोणी वाकून बघत नाही. या आठवड्यात तेवढं करा. निघायच्या आदल्या रात्री नको. या आठवड्यातच, कारण काही सापडलं तर पार्ट मागवायला, बसवायला आणि नंतर अलाइनमेंट करायला दोन-तीन दिवस लागतात, आणि सणाच्या तोंडावर प्रत्येक गॅरेजपुढे रांग असते.

हे कोणी दुसरं बघेल या भरवशावर राहू नका. आपल्या कायद्यात खासगी मोटारीला नोंदणीनंतर पंधरा वर्षं फिटनेसची तपासणी लागत नाही. टॅक्सीला लागते, ट्रकला लागते, शाळेच्या बसला लागते. तुमच्या-माझ्या गाडीची फक्त पीयूसी होते आणि ती धुराची चाचणी आहे; चाक गाडीला धड जोडलेलं आहे का, हे ती विचारत नाही. ज्यांची मुलं लंडनला आहेत त्यांनी त्यांना ‘एमओटी’बद्दल विचारावं. तिकडे गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासणी, आणि त्यात बुश फाटलेला किंवा बॉल जॉइंट ढिला निघाला तर गाडी नापास. जर्मनीत पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी. त्या देशांचे रस्ते कसे आहेत ते आपण फोटोंत बघतोच. आपले रस्ते असे, आणि तपासणी पंधरा वर्षांनी!

आता मूळ मुद्दा. गॅरेजात गेल्यावर आपण एकच वाक्य बोलतो: ‘गाडी आवाज करतेय.’ मेकॅनिक काहीतरी बदलतो, आवाज थांबतो, आपण पैसे देऊन निघतो. आवाज नसेल तर जातच नाही. खाली जो भाग सर्वांत जास्त खडखडतो तो बहुतेक वेळा सर्वांत कमी धोक्याचा असतो, आणि ज्याच्या तुटण्याने चाक आडवं होतं तो शेवटपर्यंत जवळपास गप्प राहू शकतो. म्हणून कानावर विसंबू नका. डोळ्यांनी बघा आणि हाताने हलवून बघा.

थोडी ओळख करून घेऊ, म्हणजे गॅरेजात कोणी काही सांगितलं तर कळेल तरी. मारुती ८०० पासून आजतागायत आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरने १९४०च्या दशकात काढलेली रचना, स्वस्त आणि कमी जागेत बसणारी, म्हणून जगभर चालली. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच दांड्यावर. त्यालाच आपण शॉकअप म्हणतो आणि इथले गॅरेजवाले जंपर म्हणतात. वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम दबलेल्या स्प्रिंगला आवरण्याचं. नाहीतर एका खड्ड्यानंतर गाडी झोके घेत राहील. खालून चाकाला धरून ठेवतो तो लोअर आर्म. त्याच्या आतल्या टोकाला रबरी बुश, बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट. स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेतो टाय रॉड एंड. आणि वळणावर गाडी एका बाजूला कलंडू नये म्हणून जो आडवा बार असतो, त्याला चाकाच्या बाजूला जोडणारी बारीक दांडी म्हणजे लिंक रॉड.

हा लिंक रॉड बडोद्यात सर्वांत जास्त वेळा बदलला जात असेल. छोट्या छोट्या खड्ड्यांवर, सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर, हळू चालवताना जी ‘कट्-कट्-कट्’ येते ती बहुधा त्याची. तो ढिला झाला तर वळणावर गाडी जास्त कलते, आवाजाने डोकं उठतं, पण चाक निखळत नाही. तो बदला, जरूर बदला. फक्त तो बदलल्यावर आवाज गेला म्हणजे गाडी ठीक झाली असं समजू नका.

भीती आहे ती बॉल जॉइंटची. खांद्यात जसा हाडाचा गोळा खोबणीत बसलेला असतो तसाच हा सांधा: पोलादी गोळा, त्याभोवती कप, मध्ये ग्रीस, आणि वरून एक रबरी टोपी, जिला बूट म्हणतात. आजच्या गाड्यांत तो कारखान्यातच बंद करून येतो, ग्रीस भरायचं तोंड नसतं. त्यामुळे सगळी मदार त्या बुटावर. बुटाला चीर पडली की पावसाचं पाणी आणि बारीक चिखल आत जातो, ग्रीस बाहेर येतं, आणि गोळा कपात कोरडा घासू लागतो. ही झीज काही महिने चालते. मधूनमधून वळताना एखादी ‘कर्र’ येते, एखाद्या वेळी ब्रेक मारताना ‘टक’ होतं, आणि बाकी काही नाही. मग एक दिवस गोळा कपातून बाहेर निघतो. चाकाचा खालचा भाग बाहेर फेकला जातो, चाक तिरपं होतं, गाडीचं नाक रस्त्यावर टेकतं. स्टिअरिंग हातात असतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. नशीब चांगलं असेल तर हे सोसायटीच्या गेटवर पूर्ण वळण घेताना घडतं, कारण तेव्हा सांध्यावर आडवा ताण जास्त येतो. नशीब नसेल तर कर्जनच्या पुढे, बाजूने कंटेनर जात असताना. मग पंचनाम्यात ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढंच लिहिलं जातं आणि खाली काय सुटलं होतं ते बघायला कोणी जात नाही.

टाय रॉड एंडचं तसंच. तो निसटला तर एक चाक स्टिअरिंगचं ऐकतं, दुसरं ऐकत नाही. हे पुस्तकी भय नव्हे. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या मॉडेलच्या ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण टाय रॉडच्या एका भागात दोष असण्याची आणि क्वचित तो तुटण्याची शक्यता होती. गाड्या ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ दरम्यान बनलेल्या. मांजलपुरात ईको थोड्या नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या. पहिल्या मालकाला आलेला निरोप तुमच्यापर्यंत पोचला असेलच असं नाही. कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकला की तुमची गाडी त्यात आहे का ते दिसतं, आणि असा भाग कंपनी फुकट बदलून देते. गाडी कुठलीही असो, नंबर एकदा टाकून बघाच.

घरच्या घरी काय बघता येईल? बरंच. जॅक न लावता, गाडीखाली न शिरता. गाडी सपाट जागी उभी करा आणि स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. चाकाच्या मागे उकिडवं बसा, मोबाइलचा टॉर्च लावा. आधी बघा शॉकअपच्या नळीकडे. तिच्यावर कोरडी धूळ असेल तर उत्तम. किंचित तेलकट ओलसरपणा चालून जातो. पण नळी वरपासून खालपर्यंत काळी ओली, आणि त्या तेलावर धूळ बसून लगदा झालेला, असं दिसलं तर तो शॉकअप गेला. स्प्रिंगचा खालचा वेढा नीट बघा. तिथे चिखल साचून गंज चढतो आणि शेवटचा तुकडा तुटून पडलेला असतो, मालकाला पत्ताही नसतो. मग आर्मच्या टोकाशी असलेला तो छोटा रबरी बूट शोधा. फुगीर, अखंड, कोरडा हवा. फाटलेला असेल आणि कडेने काळं ग्रीस बाहेर येऊन त्यावर माती चिकटली असेल तर पुढे काही बघू नका, गॅरेज गाठा. आवाज येत नसला तरी.

टायर तर बोलका असतो. तळहात सपाट ठेवून टायरच्या नक्षीवरून गोल फिरवा. हाताला लाटा लागल्या, एक उंचवटा एक खोलगा, तर चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय, म्हणजे शॉकअप थकलाय किंवा चाकाचं बॅलन्सिंग गेलंय. टायर नुसता आतल्या कडेने खाल्लेला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, आणि ते बिघडण्यामागे बऱ्याचदा फाटलेला बुश किंवा वाकलेला आर्म असतो. ही आतली कड उभ्याने दिसत नाही. बाहेरून टायर नवाकोरा आणि आतून तार दिसतेय, अशा गाड्या लोक हायवेवर ताशी शंभरने नेतात. शेवटी चारही चाकांवर मडगार्ड आणि टायर यांच्यातली फट बोटांनी मापा. डावी-उजवी सारखी हवी. एका बाजूला चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला अडीच भरली तर अडीच बोटांच्या बाजूची स्प्रिंग बसलीय.

बॉनेटवर जोर देऊन गाडी दाबायची आणि सोडायची, ही आपल्या वडिलांच्या काळातली परीक्षा. ॲम्बॅसेडर-फियाटला ती लागू होती. आजच्या गाड्यांत अर्धामेला शॉकअपही या परीक्षेत पास होतो. सोडल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली झाली तर शॉकअप संपला हे नक्की. झाली नाही म्हणून तो शाबूत आहे असं नाही. त्यापेक्षा चालवताना लक्ष द्या. ब्रेक मारल्यावर नाक पूर्वीपेक्षा जास्त खाली जातं का? पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर गाडी एकदा हलून थांबते की झुलत राहते? रस्ता सरळ असताना स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं का? शॉकअप इतका हळूहळू मरतो की रोज चालवणाऱ्याला कळत नाही, त्याचा हात सरावतो. म्हणून एक फेरी दुसऱ्याला मारायला सांगा. शेजारी लगेच सांगेल. शेजाऱ्यांना आपल्या गाडीतली खोट सांगायला आवडतंच.

थकलेल्या शॉकअपला कोणी गंभीरपणे घेत नाही, कारण त्रास होतो तो पाठीला. पण चाक जितका वेळ रस्त्यावरून उचललेलं असतं तितका वेळ ब्रेक काही करू शकत नाही. ओल्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीत, गाडी थांबायला लागणारं अंतर त्याने वाढतं. एबीएस असलं तरी.

पुढचा भाग मेकॅनिकचा, पण तुम्ही समोर उभे राहा. गाडी उचलून चाक लटकतं ठेवायला सांगा. घड्याळातल्या बारा आणि सहावर हात ठेवून चाक आत-बाहेर हलवायचं. ‘प्ले’ लागला तर तो बॉल जॉइंटचा किंवा व्हील बेअरिंगचा. कुणाचा, हे ओळखायची साधी युक्ती आहे: एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा हलवायचं. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. मग हात तीन आणि नऊवर. तिथला प्ले टाय रॉडकडचा. शेवटी आर्म आणि चाकाच्या मध्ये पहार घालून हलकं उचलून बघायचं. चांगल्या सांध्यात हालचाल दिसत नाही. गेलेल्यात डोळ्यांना दिसते, त्यासाठी डायल गेज लागत नाही. बुशच्या रबराला वरवरच्या बारीक सुरकुत्या असतील तर हरकत नाही; रबर लोखंडापासून सुटलं असेल, किंवा पहार लावल्यावर आर्म मागे-पुढे सरकत असेल तर बुश गेला.

दाखवा म्हटल्यावर जो मेकॅनिक तोंड वाकडं करेल तिथे गाडी देऊ नका. जो स्वतःहून ‘आवो, जुओ’ म्हणून पहार हातात घेईल त्याला चार पैसे जास्त द्या.

आता काही गोष्टी साफ नको म्हणायच्या. बॉल जॉइंटला वेल्डिंगचा टाका मारून घट्ट करणं, वाकलेला आर्म तापवून ठोकून सरळ करणं, हे जुगाड आपल्याकडे सर्रास चालतं आणि ‘चालशे’ म्हणून आपण ते चालवून घेतो. लोखंड तापवून सरळ दिसतं, त्याची ताकद परत येत नाही. सर्व्हिसिंगनंतर गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळकं ऑइल फवारायची पद्धतही बंद करा. खालून चकाचक दिसतं, दोन दिवस कुरकुर थांबते, आणि तेच तेल बुशचं रबर फुगवून भुसभुशीत करतं. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी बफर आता फार खपतात. बसलेली गाडी त्याने उंच दिसते खरी, पण स्प्रिंग थकलेली असेल तर ती थकलेलीच राहते, आणि ज्या वेढ्यांना हलता येत नाही त्यांचा ताण उरलेल्यांवर येतो. ज्या पैशात बफर घेता त्यात थोडी भर घालून स्प्रिंगच बदलून घ्या.

काम करून घेताना तीन गोष्टींवर अडून बसा. शॉकअप आणि स्प्रिंग जोडीने बदलायचे, डावा-उजवा दोन्ही. एक नवा आणि एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला झुकते. आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. ही गोष्ट घाईत नेहमी चुकते. गाडी लिफ्टवर लटकलेली असतानाच बोल्ट आवळला की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली टेकल्यावर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. मग आपण पार्टला शिव्या देतो. आणि अलाइनमेंट नेहमी शेवटी. ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट मशीनच्या कागदावर हिरवं दिसतं आणि पहिल्या बंपला बिघडतं. मशीनचा आधीचा-नंतरचा कागद मागून घ्या. जुने पार्टही घरी आणा. बदलल्याची खात्री होते, आणि मुलांना झिजलेला बॉल जॉइंट हातात देऊन दाखवता येतो. नवा पार्ट पक्क्या बिलाने घ्या. लिंक रॉड एकवेळ साधा चालेल, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडमध्ये मात्र काटकसर नको.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, आणि आपल्याकडे तेच जास्त. बाहेरून बसवलेलं साठ लिटरचं पोलादी सिलिंडर रिकामंच साठ किलोच्या आसपास असतं. म्हणजे एक मोठा माणूस डिकीत कायम बसलेला, रात्री पार्किंगमध्येसुद्धा. मूळ पेट्रोल गाडीच्या मागच्या स्प्रिंगा या पाहुण्याचा विचार करून बनवलेल्या नसतात. काही वर्षांत गाडीची शेपूट बसते. मग मागे तीन माणसं आणि सामान आलं की प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंग तळाला आपटते, पुढचे दिवे आकाशाकडे बघतात आणि पुढच्या चाकांवरचं वजन कमी होऊन स्टिअरिंग हलकं, भिरभिरं लागतं. मागच्या स्प्रिंगा तपासा, आणि टायरात भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली हवा भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. बऱ्याच गाड्यांना त्यावर रिकामी आणि भरलेली असे दोन आकडे दिलेले असतात. पंपावरच्या पोराला ‘सगळीकडे तीस’ म्हणू नका, स्टिकर वाचा.

दुसरी मंडळी जुनी गाडी घेणारी. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदी पस्तीस फुटांवर गेली तेव्हा या शहरात किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या ते आपण पाहिलंय. त्यातल्या अनेक धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून पुन्हा रस्त्यावर आल्या. इंजिनचं काम लोकांनी केलं. चाकांच्या बेअरिंगांकडे किती जणांनी पाहिलं असेल कोण जाणे. पुराचं पाणी म्हणजे बारीक गाळ. तो बेअरिंगच्या ग्रीसमध्ये आणि बॉल जॉइंटच्या चिरलेल्या बुटात जाऊन बसतो आणि सावकाश काम करतो. वेगाबरोबर चढत जाणारी ‘घूंऽऽ’ अशी घरघर, जी गाडी न्यूट्रल केली तरी जात नाही, ती बेअरिंगची. चालत्या गाडीत डावीकडे हलकं वळताना ती वाढली तर उजव्या बाजूचं, उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या बाजूचं, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर जातं. लोक ती टायरची समजून रेडिओ मोठा करतात.

हे सगळं मांजलपूरकरांना सांगावं लागतंय याचं नवल वाटतं. आपल्यातली निम्मी मंडळी मकरपुरा जीआयडीसीत घासलेली. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढून हाताला यंत्रविद्या शिकवली, त्या शहरातली. कंपनीत आपण मशीनचं मेंटेनन्स रजिस्टर ठेवतो, बेअरिंगचा प्ले मायक्रॉनमध्ये मोजतो, ब्रेकडाउन झालं तर ‘आधी का पाहिलं नाही’ म्हणून मीटिंग बसते. त्याच माणसाची गाडी पार्किंगमध्ये फाटक्या बुटावर उभी असते.

आणि ‘आधी का पाहिलं नाही’ हा प्रश्न या जिल्ह्याने विचारलाय. ९ जुलै २०२५ ला पादरा आणि आणंदला जोडणारा मही नदीवरचा गंभीरा पूल सकाळी कोसळला. वीसहून अधिक माणसं गेली. पेडेस्टल आणि सांधे चुरडले गेल्याचं प्राथमिक चौकशीतून सांगण्यात आलं. पूल हलतो, कापतो, असं लोक आधीपासून बोलत होते. आपण सरकारवर चिडलो आणि ते योग्यच होतं. पुलाचा सांधा बघणं आपल्या हातात नव्हतं. गाडीचा आहे.

म्हणून सोसायट्यांच्या गणेश मंडळांना विनंती आहे. मांडव उभा राहायच्या आधीची एक सकाळ द्या. प्रत्येक सोसायटीत मेंटेनन्सचं काम केलेले दोन-चार निवृत्त काका सापडतीलच. टॉर्च घेऊन त्यांना पार्किंगमधून फिरवा, बूट, शॉकअप, टायरची आतली कड एवढंच बघायला सांगा आणि फाटका बूट दिसला की मालकाच्या दारावर चिठ्ठी लावा. जॅक लावून कोणीही खाली शिरायचं नाही, ते गॅरेजचं काम, आणि तिथेही जॅकखाली स्टँड हवाच. स्प्रिंग उघडायच्या भानगडीत घरी मुळीच पडू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. गॅरेजवाल्यांनी या आठवड्यात पहार लावून केलेल्या तपासणीचे पैसे घेऊ नयेत. काम निघालं तर ते त्यांच्याकडेच येणार आहे. महापालिकेकडे भुवा बुजवायची तक्रार करायचीच, फोटोसकट. पण ती सुटेपर्यंत गाडी थांबणार नाही, म्हणून आपलं आपण बघायचं.

वाटेत काही झालंच तर: स्टिअरिंगमध्ये अचानक खेळ आला, नवा ‘ठक’ सुरू झाला, गाडी एका बाजूला ओढू लागली, तर जोरात ब्रेक मारू नका. वेग हळूहळू उतरवा, इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं करा आणि १०३३ ला फोन लावा, ती राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी आहे. कोणाला लागलं असेल तर १०८. ‘भरूचपर्यंत जाऊ आणि मग बघू’ हे बोलू नका. दोरी बांधून ओढतही नेऊ नका. पुढचं चाक ढिलं असलेली गाडी सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच न्यायची.

आणि तपासणीत बॉल जॉइंट गेलेला निघाला आणि पार्ट वेळेत मिळाला नाही, तर गाडी गेटच्या आतच राहू द्या. वडोदरा जंक्शनवरून पुण्याला अहिंसा एक्स्प्रेस जाते, विश्वामित्री स्टेशनवरून कोकणाकडे याआधी गणपती स्पेशल सुटलेल्या आहेत, आणि मांजलपूरहून विश्वामित्री रिक्षाच्या अंतरावर आहे. वेटिंग असेल. मग रात्रीची बस बघा, एखादा दिवस उशिरा पोचा, गावी फोन करून तसं कळवा.